मोरूची पाठ

आता त्याला ऑफरोडिंग म्हणतात. म्हणजे चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम चिखलात जायचं, रुतायचं, मग एकमेकांना ओढून काढायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या. त्यासाठी क्लब असतो, क्लबाचा टी-शर्ट असतो, गाडीच्या नाकाला लोखंडी दोर गुंडाळणारं यंत्र असतं, आणि टपावर एक फावडं असतं, ज्याला कधी माती लागलेली नसते. आंबेखोलच्या शब्बीर परकारने हे पहिल्यांदा मोबाईलवर बघितलं तेव्हा त्याला वाटलं, या बिचाऱ्यांच्या गावाला रस्ता नसेल. मग कळलं की मंडळी नवी मुंबईची आहेत. तो पोट धरून हसला. हसता हसता सवयीने डाव्या बाजूला वळला आणि गप्प झाला, कारण तिथे हसायला कुणी नव्हतं.

आंबेखोल म्हणजे दिघीच्या खाडीचा एक फाटा आत घुसतो, त्याच्या काठावरचा मोहल्ला. समोर, फाट्याच्या पलीकडे, तोरणकोंड, भातशेतीवाल्यांची वीसेक घरं. मध्ये खाजण. भरतीला सगळं पाणी, ओहोटीला सगळा चिखल, आणि दोन्ही काठांना तिवरांची झाडं. अंतर म्हणाल तर जेमतेम दीड किलोमीटर. पलीकडे अंगणात वाळत घातलेलं लुगडं अलीकडून दिसायचं. पण बोर्लीकडून वळसा घालून जायचं, तर खड्ड्याखड्ड्यांतून अख्खी सकाळ मोडायची. म्हणून एकोणऐंशी साली, वडिलांनी लष्कराच्या लिलावातून आणलेली जुनी जीप शब्बीरने एक दिवस सरळ खाजणात घातली. वय पंचवीस, अक्कल बेताची. जीप वीस पावलांवर पोटापर्यंत बसली. तिला काढायला पलीकडून गुडघाभर चिखल तुडवत जो माणूस आला, तो मोरू.

मोरूने आधी जीप बघितली, मग शब्बीरला बघितलं.

"गाडीला पाय न्हाईत," तो म्हणाला. "मी म्होरं चालतो. तू माझ्या पाठीकडं बघ. खाली बघू नको, खाली बघितलंस की भ्यायचास."

त्या दिवसापासून तेवीस वर्षं हाच रिवाज. ओहोटी लागली की मोरू अनवाणी पुढे. अर्धी चड्डी, उघडी पाठ, डोक्याला टॉवेल. पाऊल टाकायच्या आधी टाच टेकवून बघायचा. टाच टणक लागली की उजवा हात वर, म्हणजे ये. टाच आत गेली की हात डोक्यावर, म्हणजे थांब. आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून वळून बघितलं की समजायचं, आता उतरा आणि ढकला. तोंडाने शब्द नाही. त्या इंजिनाच्या खडखडाटात ऐकू तरी काय येणार? शब्बीर पहिल्या गिअरात, पुढची चाकंही इंजिनाला जोडून, मुंगीच्या चालीने मागे. निघण्याआधी चाकांतली हवा कमी करायची. आगकाडीने वॉल्व्ह दाबायचा आणि मनात साठपर्यंत आकडे म्हणायचे. साठच का, तर मोरू म्हणाला होता म्हणून. तेवीस वर्षांत शब्बीरने दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

त्या जीपमधून काय काय गेलं! सुक्या मासळीचे करंडे गेले, बाळंतिणी गेल्या, निवडणुकीच्या पेट्या गेल्या आणि त्या पेट्या मांडीवर धरून पांढरेफटक पडलेले हवालदार गेले. मोरूची बायको कोकिळा लग्न होऊन तोरणकोंडला आली तीसुद्धा याच जीपमधून. पुढे कपाळाला मुंडावळ्या बांधलेला नवरदेव धोतर वर खोचून चिखलात टाच टेकवत चाललाय, मागे नवरी जीपचा दांडा धरून बसलीय. कोकिळेच्या माहेरच्यांनी तोंडात बोटं घातली. तिच्या मामाने तर भर खाजणात मुलगी परत न्यायची गोष्ट काढली, पण परत न्यायला वाट त्यालाही माहीत नव्हती.

काम संपलं की दोघे उगाच फिरायचे. कधी वरच्या कातळावर, कधी दिवेआगरच्या ओल्या वाळूवर. कुठे जायचं ते ठरलेलं नसायचं. समोर चढ दिसला की शब्बीर विचारायचा, चढेल? मोरू म्हणायचा, चढव बघू. नाही चढली तर उलटी खाली आणायची आणि पुन्हा चढवायची. काही तुटलं तर काथ्याने बांधायचं, टाकी गळली तर साबणाचा तुकडा चोळायचा. फोटो नाही, टाळ्या नाहीत. घरी विचारलं की सांगायचं, गाडी तापली होती. अख्तरुन्निसा, म्हणजे शब्बीरची बायको, म्हणायची की गाडी नाही, तुम्हा दोघांची डोकी तापलेली आहेत. खरंच तापलेली होती. तेवढं सुख शब्बीरला नंतर कशातच मिळालं नाही, आणि तेव्हा हे सुख आहे हे त्याला कळलंही नाही.

मग पूल झाला. पुलाने कुणाचं वाईट केलं असं म्हणायची सोय नाही. एसटी आली, मिनीडोर रिक्षा आली, दवाखाना जवळ आला. आंबेखोलहून तोरणकोंड पंधरा मिनिटांवर आलं. आणि हे दोघे, जे पूल नसताना रोज भेटायचे, ते भेटेनासे झाले. शब्बीर बंदरावर ट्रेलर चालवायला लागला. मोरू शेतीत अडकला. जीप मांडवाखाली गेली. सुरुवातीला ईदला, गणपतीला येणंजाणं होतं. पुढे घरोघर फोन आले, तेव्हा तेही राहिलं.

फोनवर एकच बोलणं. मोरू म्हणायचा, पुलावरून येणारा तो पावना, आणि पावन्याला आपण चा देत नाही. खाजणातून ये, मग चा. शब्बीर म्हणायचा, येतो की, तू पुढे चालायला ये. दोघेही खदाखदा हसायचे आणि फोन ठेवायचे. पहिल्या वर्षी ही मस्करी होती. दहाव्या वर्षी ती हट्ट झाली. विसाव्या वर्षी ती नुसती सवय होती, आणि तिच्या आड दोन म्हातारे आपापल्या काठावर बसून राहिले. पंधरा मिनिटांचा रस्ता, पण पाय म्हणून कुणी उचलला नाही.

एकदाच मोरू आला, आठ वर्षांपूर्वी, अख्तरुन्निसा गेली तेव्हा. पहिल्या एसटीने पुलावरून आला, कबरस्तानात सगळ्यांच्या मागे उभा राहिला, तीन मुठी माती टाकली. निघताना शब्बीरने चहाला थांब म्हटलं. मोरूने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाला की आज नको, आज मी पुलावरून आलोय. तसल्या दिवशीही शब्बीरला त्याचं हसू आलं होतं.

आणि यंदा मार्गशीर्षात मोरू गेला. शब्बीरला कळलं बारा दिवसांनी, तेही बोर्लीच्या बाजारात. चंद्राबाई कोळीण बांगडे निवडता निवडता म्हणाली, "तुझा मोरू गेला की रं, शब्बीरभाय. तुला सांगितलं न्हाय कुणी?" शब्बीर तसाच पिशवी घेऊन घरी आला. बांगडे घ्यायचे राहिले ते त्याला संध्याकाळी कळलं. तो मांडवाखालच्या जीपमध्ये जाऊन बसला. डावीकडची सीट रिकामी होती. ती तेवीस वर्षं मोरूची आणि नंतर बावीस वर्षं कुणाचीच नव्हती.

आता जायचं तर कुठल्या तोंडाने? तो माणूस माझ्या बायकोच्या मातीला पहिल्या गाडीने आला आणि मी त्याच्या दिवसकार्यालाही नव्हतो. मुलगा नदीम कुवेतला. त्याचा फोन आला तेव्हा शब्बीरने त्याला सांगितलं. नदीम म्हणाला की अब्बा, रिक्षा करा आणि पुलावरून जाऊन या, त्यात काय एवढं. चांगला मुलगा आहे, पण त्याला काय सांगणार? शब्बीरने मनाशी ठरवून टाकलं. कोकिळावहिनीच्या दारात जायचं तर जीप घेऊन, खाजणातून. मोरूने बावीस वर्षं बोलावलं तसं. एकदाच. नंतर जीप भंगारात जाऊ दे, नाहीतर आपण जाऊ दे.

एकट्याने जीप रुतली तर काढणार कोण, एवढाच प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर, बघा, आपल्या पायांनी चालत आलं. पौषात हितेश नावाचा एक तरुण शब्बीरच्या दारात उभा राहिला. नवी मुंबईच्या एका क्लबाचा मुख्य, अदबशीर, बूट बाहेर काढून आत आलेला. अकरा गाड्या घेऊन येतोय म्हणाला, परवानगीचे कागदही होते. या खाजणातून पूर्वी जीप जायची असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं, आणि जीपवाला अजून आहे असंही. मांडवाखालची जीप बघून त्याचे डोळे पाणावले की काय असं शब्बीरला वाटलं. त्याने बॉनेटवर इतका हळू हात ठेवला की शब्बीर तिथेच विरघळला.

हितेशने विचारलं, "चाचा, वाट आठवते ना अजून?"

"तेवीस वर्षं चालवलीय," शब्बीर म्हणाला. "झोपेत नेईन."

हे तो खोटं बोलला नाही. त्याला मनापासून तसंच वाटत होतं.

पुढचे पंधरा दिवस म्हातारा पंचवीसचा झाला. कार्बोरेटर खोलून रॉकेलने धुतला, ब्रेकचं तेल बदललं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडल्या. अकराव्या दिवशी जीप एकदा शिंकली आणि चालू झाली. मोहल्ल्यातली बायामाणसं दारात आली. शब्बीरने डावीकडची सीट पुसली, तिच्यावर मोरू टाकायचा तसा एक टॉवेल घडी करून टाकला. मोरूबद्दल तो हितेशला काही बोलला नाही. कुणाला सांगावं आणि त्याने अरेरे म्हणावं, एवढ्यात ते मावणारं नव्हतं.

रविवारी, पौर्णिमेनंतरच्या मोठ्या ओहोटीला, उजाडता उजाडता अकरा गाड्या आंबेखोलच्या बांधावर ओळीने लागल्या. एकेक गाडी केवढी! सगळ्यांनी चाकांना छोटी घड्याळं लावून हवा काढली. शब्बीरने आगकाडी काढली, वॉल्व्ह दाबला आणि साठपर्यंत आकडे म्हणाला. दोघातिघांनी त्याचा व्हिडिओ काढला. कुणीतरी वाहवा केली. एक मुलगा डावीकडच्या सीटवर कॅमेरा घेऊन बसायला आला, तर शब्बीरने त्याला उठवलं, जरा जोरातच. मग हितेशने त्याच्या हातात बोलायचं यंत्र दिलं आणि म्हणाला की चाचा, तुम्ही पुढे, आम्ही तुमच्या मागे.

शब्बीरने जीप बांधावरून खाली उतरवली, मान वर केली, आणि तिथेच ब्रेक दाबला.

समोर खाजण पसरलं होतं, एवढंच्या एवढं, राखाडी, चकाकतं, पार तोरणकोंडपर्यंत. कुठे टणक, कुठे मऊ, कुठे मधला ओहोळ उथळ, काही म्हणजे काही ओळखीचं नव्हतं. तेवीस वर्षं हजारो वेळा तो इथून गेला होता, आणि त्याने हे खाजण कधी बघितलंच नव्हतं. त्याने बघितली होती मोरूची पाठ. उजव्या खांद्याखालचा चामखीळ, कण्यावरून ओघळणारा घाम, टॉवेलचं टोक, हे सगळं त्याला लख्ख आठवत होतं. वाट मात्र आठवत नव्हती, कारण वाट त्याला कधी माहीतच नव्हती. वाट मोरूच्या टाचेत होती, आणि ती टाच दीड महिन्यापूर्वी जाळली होती.

माणसाने तिथेच उतरून सांगावं की बाबांनो, मला येत नाही. पण मागे अकरा इंजिनं घुरघुरत होती आणि समोर कोकिळावहिनीचं कौलारू घर दिसत होतं. शब्बीरने पुढची चाकं जोडली आणि पहिला गिअर टाकला.

सुरुवातीला शिंपल्यांचा उंचवटा लागला. तिथे जीप छान चालली. शब्बीरचा जीव भांड्यात पडला. उंचवटा संपला तिथे त्याला खुंट दिसले. तिवराच्या काठ्या, माणसाच्या खांद्याएवढ्या, दहा-पंधरा पावलांवर एकेक, आणि प्रत्येकीच्या टोकाला लाल-हिरव्या कापडाची चिंधी. ओळ सरळ नव्हती. ती डावीकडे तिवरांच्या बाजूला वळत गेली होती, तोरणकोंडपासून लांबच. यंत्रातून हितेशचा आवाज आला की चाचा, ते मासेमारांचे खुंट दिसतायत, जाळ्याची दोरी असेल, चाकात जायला नको. शब्बीरलाही तसंच वाटलं. त्याने खुंट डाव्या हाताला टाकले आणि जीप सरळ घराच्या रोखाने सोडली.

साठ-सत्तर पावलांवर पुढचं उजवं चाक गेलं. मग डावं गेलं. मग जीप हळूच, एखादी म्हैस बसते तशी, बसली.

शब्बीर चपला काढून खाली उतरला. चिखल थंडगार होता. त्याने मोरूसारखी टाच टेकवून बघितली. आत गेली. डावीकडे सरकला, आत गेली. आणखी डावीकडे, खुंटांच्या दिशेने सहा-सात पावलं गेला, आणि टाच टणक लागली. आणखी एक पाऊल, टणक. कळत होतं की! सत्तरी ओलांडल्यावर, मोरू गेल्यावर, टाचेला कळत होतं. इथून जाता येईल, त्याला वाटलं, मी पुढे चालतो आणि जीप मागून... त्याने वळून बघितलं. जीप रिकामी होती. स्टिअरिंगवर कुणी नव्हतं. तो चालला तर चालवणार कोण, आणि तो चालवायला बसला तर चालणार कोण? आयुष्यभराची सगळी मर्दुमकी अर्धीच आपली होती, हे त्याला त्या चिखलात उभं राहून कळलं. त्याला रडू आलं.

तरी त्याने शिंपल्यांच्या उंचवट्यावर उभ्या असलेल्या हितेशकडे बघून उजवा हात वर केला. म्हणजे ये, माझ्या जीपमध्ये बस, मी पुढे चालतो. हितेशनेही हात वर केला, हसून, आणि दुसऱ्या हाताने फोटो काढला.

पुढे सगळं फार व्यवस्थित झालं. हितेशच्या गाडीच्या नाकातून लोखंडी दोर आला, जीपच्या मागे अडकला, आणि जीप उलटी, मागच्या मागे, आंबेखोलकडे ओढली गेली. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही, उलट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या शब्बीरला जास्त लागल्या. पाणी चढायला लागलं होतं. पलीकडे जायचा बेत रद्द करून मंडळी दिवेआगरला जेवायला गेली. जाताना हितेशने जीपच्या काचेवर क्लबाचं स्टिकर लावलं, वाकून नमस्कार केला. चाचा, पुढल्या वर्षी पुन्हा, म्हणाला. शब्बीरने मान हलवली. जीप बांधावरच राहिली. तिला मांडवाखाली न्यायचं बळ त्याच्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या मिनीडोरमध्ये बसून तो पुलावरून तोरणकोंडला गेला. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

कोकिळा अंगणात तांदूळ पाखडत होती. त्याला बघून तिने सूप खाली ठेवलं, पदर नीट केला आणि ओटीवर घोंगडी टाकली. शब्बीर म्हणाला की वहिनी, मला कळलं तेव्हा बारा दिवस झाले होते, आणि मग मला तोंड दाखवायची लाज वाटली. कोकिळा म्हणाली की त्यांना काय त्रास झाला नाही, भाताचा पेंढा रचून घरात आले, पाणी मागितलं, पाणी आणीपर्यंत संपलं. आता गणराज, म्हणजे त्यांचा मुलगा, शनिवारी तिला मुंबईला न्यायला येणार होता. घराला कुलूप लागणार.

मग ती म्हणाली, "काल मी बांधावर व्हते, भाऊजी. जीपचा आवाज मला घरातच कळला. बावीस वर्सांनी, पण कळला. पळत बांधावर गेले. चुलीवर चा ठेवून गेले व्हते."

शब्बीर जमिनीकडे बघत राहिला. ती पुढे बोलली ते तिने अगदी सावकाश सांगितलं, आणि त्यात तक्रार नव्हती. पूल झाल्यापासून दरवर्षी दिवाळीच्या अवसेच्या ओहोटीला मोरू खाजणात उतरायचा. चार-पाच दिवस, पहाटेपासून. पावसाळ्यात वाट फिरते, ती नव्याने टाचेखाली घालून बघायचा आणि जिथे टणक लागेल तिथे तिवराची काठी रोवायचा. तिची जुनी लुगडी फाडून वर चिंध्या बांधायचा. पार तुमच्या शिंपल्यांच्या उंचवट्यापर्यंत. ती चिडायची, की हे काय वेड, कोण येणार आहे? फोन करून त्याला सांगा तरी. तर म्हणायचा, सांगायचं कशाला, आला की दिसतील. यंदाही लावले, खोकत खोकत. लावून झाल्यावर महिन्याभराने गेला.

"मी इच्यारलं, एवढ्या उंच काठ्या कशाला, हातभर पुरंल की," कोकिळा म्हणाली. "तर म्हनं, शब्बीर खाली बघत न्हाय. म्या सांगितलंय त्याला, खाली बघू नको म्हणून. माझ्या पाठीएवढं उंच पायजे, तर त्याला दिसंल."

शब्बीरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांद्याएवढे खुंट त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, एकामागे एक, डावीकडे वळत गेलेले. बावीस दिवाळ्या! बावीस दिवाळ्या हा माणूस माझ्या पुढे चालत होता आणि मी मांडवाखाली बसून फोनवर हसत होतो. आणि काल आलो तेव्हा त्याच्या बाजूने निघून गेलो. हे तो मोठ्याने बोलला की मनात, ते त्याला कळलं नाही. कोकिळा उठली, चहा ठेवते म्हणाली.

"नको, वहिनी," शब्बीर म्हणाला. "आज मी पुलावरून आलोय."

ती थांबली. तिच्या तोंडावर हसू आलं आणि तसंच मोडलं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि त्याच्याबरोबर बांधापर्यंत आली.

ओहोटी पुरती लागली होती. शब्बीरने चपला काढून हातात घेतल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पहिल्या खुंटाजवळ खाली उतरला. टाच टणक लागली. दुसऱ्या खुंटापाशी टणक. मधला ओहोळ घोट्यापेक्षा जास्त नव्हता. एके ठिकाणी खुंट कलला होता, तो त्याने सरळ केला. एकाची चिंधी पाण्याने गेली होती, तिथे त्याने खिशातला रुमाल बांधला. का बांधला, कोण येणार होतं? पाऊस आला की सगळेच जाणार, आणि पुढल्या दिवाळीला पलीकडच्या घराला कुलूप असणार. तरी त्याने गाठ घट्ट मारली. खाली एकदाही बघितलं नाही. समोरच्या चिंधीकडे बघत चालत राहिला. हिरवं लुगडं, लाल लुगडं, पुन्हा हिरवं. कुठेही पाऊल आत गेलं नाही.

कालचा खड्डा लागला तेव्हा तो थांबला. जीप बसली होती तिथे पाणी साचलं होतं. खुंटापासून तो खड्डा डाव्या हाताला होता. शब्बीरने मोजली, सात पावलं.

शिंपल्यांचा उंचवटा चढून तो वर आला. समोर बांधावर जीप उभी होती, काचेवर स्टिकर, डावीकडच्या सीटवर टॉवेलाची घडी. मागे सगळी वाट मोकळी, टणक, ओहोटी अजून तासभर तरी. शब्बीर जीपकडे पाठ करून खाजणाकडे वळला, पाय रोवून उभा राहिला आणि त्याचा उजवा हात आपोआप वर गेला.

तो हात वर धरून तसाच उभा राहिला. मागून इंजिनाचा आवाज आला नाही. पलीकडच्या बांधावर कोकिळा अजून उभी होती, ती एवढीशी दिसत होती. थोड्या वेळाने तीही घरात गेली.